मंगेशी, माजोर्डा आणि काराकास

व्हेनेझुएलाच्या वादकांचा एखादा संच प्रथमच ऐकणारा श्रोता सुरुवातीला थोडा गोंधळतो. एका वादकाच्या हातात चार तारांची छोटी गिटार असते. तिला तेथे 'कुआत्रो', म्हणजे केवळ 'चार', असेच म्हणतात. दुसऱ्याच्या हाती मराका, म्हणजे बिया भरलेली खुळखुळ्यासारखी वाद्ये. त्यांच्या शेजारी सिंफनी ऑर्केस्ट्रात शोभावेत असे व्हायोलिन आणि चेलो, आणि मागे जॅझच्या चालीने चालणारा डबल बास. धून सुरू होते ती गावच्या नाचाची. मध्येच एखादा वादक ती सोडून स्वतःच्या कल्पनेने स्वरविस्तार करू लागतो. शेवटी सारे मिळून ती धून चार वेगवेगळ्या स्वररेषांत अशी गुंफतात, की युरोपीय मैफलीचाच भास व्हावा. कार्यक्रमपत्रिका या प्रकाराला बहुधा 'फ्यूजन' म्हणते आणि मोकळी होते.

या शब्दाने फारसे काही उलगडत नाही. फ्यूजन म्हटले, की तीन निरनिराळ्या परंपरांतले तीन जाणकार एका संध्याकाळपुरते एकत्र आले आणि एकमेकांना सांभाळून घेत वाजवून गेले, असे चित्र डोळ्यांपुढे येते. व्हेनेझुएलाच्या संचात तसे नसते. तेथे एकाच वादकाच्या बोटांत तिन्ही परंपरा वस्तीला असतात. लहानपणी अंगणात ऐकलेले नाचाचे ठेके त्याला येतात, कागदावरचे स्वरलेखन तो झरझर वाचतो आणि कागद बाजूला ठेवून उत्स्फूर्त वाजवणेही त्याला जमते. असा वादक घडतो कसा, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा बराचसा भाग गोव्याच्या इतिहासातही सापडतो.

आधी तेथल्या ठेक्याविषयी. 'होरोपो' हे व्हेनेझुएलाचे राष्ट्रीय नृत्य आणि त्याच नावाचे संगीत. हार्प, कुआत्रो आणि मराका ही त्याची मुख्य वाद्ये. होरोपोची सारी गंमत सहा मात्रांत आहे. सहा मात्रा तीन-तीन अशा मोजल्या तर एक डौल येतो, दोन-दोन-दोन अशा मोजल्या तर दुसरा. होरोपोत हे दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असतात. बास एक मोजणी धरतो, कुआत्रो दुसरी, आणि नाचणारा दोहोंच्या मध्ये तोल सांभाळतो. दादऱ्याच्या सहा मात्रा कानात बसलेल्या मराठी श्रोत्याला पहिली मोजणी चटकन सापडते. दुसरी सापडायला क्षणभर वेळ लागतो, आणि ती सापडली की पाय थांबत नाहीत. गोव्याचे दुलपदही सहा मात्रांच्याच झोकात चालते. इबेरियन द्वीपकल्पातून निघालेली जहाजे दोन्ही किनाऱ्यांना लागली होती. त्यांच्याबरोबर लहान गिटारी आल्या, व्हायोलिन आले आणि नाचाच्या चाली आल्या. नंतर प्रत्येक किनाऱ्याने त्या आपल्या मातीत रुजवल्या.

होरोपोला जॅझच्या जवळ नेण्याचे काम आल्देमारो रोमेरो या पियानोवादक-संगीतकाराने केले. सुमारे १९७० च्या सुमारास त्याने 'ओंदा नुएवा', म्हणजे 'नवी लाट', या नावाची शैली रूढ केली. गावच्या नाचाचा ठेका तोच ठेवला, पण त्यावर जॅझचे स्वरमेळ बसवले. हाच रोमेरो पुढे काराकासमधील फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचा संस्थापक झाला. तिन्ही संगीतांत एकच माणूस वावरू शकतो, हे तेथे असे मान्य झाले.

मात्र एखाद्या प्रतिभावंताने वाट दाखवणे वेगळे आणि हजारो मुलांनी त्या वाटेने चालणे वेगळे. त्यासाठी शाळा लागते. ती १९७५ मध्ये होसे आंतोनियो आब्रेउ यांनी उभी केली. आब्रेउ अर्थशास्त्रज्ञ होते आणि संगीतकारही. मूठभर मुलांना घेऊन काराकासमध्ये सुरू झालेल्या त्या तालमींतून 'एल सिस्तेमा' हे देशव्यापी जाळे तयार झाले. त्याची पद्धत साधी होती. शिकवणे विनामूल्य. वाद्य संस्थेचे. आणि मुख्य म्हणजे मूल पहिल्या दिवसापासून वाद्यवृंदातच बसते. आधी दहा वर्षे एकट्याने रियाज आणि मग इतरांबरोबर वादन, असा क्रम नाही. ज्याला चार स्वर येतात तो दोन स्वर येणाऱ्याला शिकवतो. लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाची सूत्रे वर्षानुवर्षे सांभाळणारा गुस्ताव्हो दुदामेल याच पद्धतीतून आला.

या व्यवस्थेवर टीकाही झाली आहे आणि ती डावलण्यासारखी नाही. एक व्यक्ती सांगेल तसे चालायचे, ही वाद्यवृंदाची शिस्त मुलांना खरोखर मोकळे करते का, असे संशोधकांनी विचारले. सरकारी पैशावर उभी असलेली संस्था सत्तेच्या किती जवळ गेली, हाही वाद आहे. पुढे अर्थव्यवस्था कोसळली आणि सत्तर लाखांहून अधिक नागरिकांनी देश सोडला. त्यांत वादकही होते. ब्युनोस आयर्सच्या भुयारी रेल्वेत पोटासाठी वाजवणारे कित्येक तरुण मायदेशी ऑर्केस्ट्रात बसलेले होते. तशांना एकत्र आणून त्या शहरात 'लॅटिन वॉक्स मशीन' हा स्थलांतरितांचा वाद्यवृंद उभा राहिला. परदेशी आलेल्या या वादकांना मैफलीत बसण्यासाठी शास्त्रीय संगीत लागते, हॉटेलात रात्री वाजवण्यासाठी जॅझ लागते आणि घरच्या आठवणीसाठी होरोपो. तिन्ही एका संचात येतात त्यामागे कलाविचार असतोच, पण परमुलुखातली गरजही असते.

तळाशी सर्वांसाठी खुली शाळा आणि वर पोटासाठी केलेले स्थलांतर, ही जोडी गोव्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल.

पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकापासून, चर्चला जोडून पारोकियाल शाळा सुरू झाल्या. प्रार्थनेत गायला आणि वाजवायला माणसे हवीत, हा त्यांचा उघड हेतू. धर्मप्रसाराशी त्या जोडलेल्या होत्या, हे विसरण्याचे कारण नाही. पण त्या शाळेतला मेस्त्रे मुलांना प्रथम सोल्फेजो शिकवी, म्हणजे कागदावरचा स्वर पाहून गळ्याने म्हणणे. ते जमले की हाती व्हायोलिन येई. कोकणीत त्याला 'रेबेक' म्हणत. शेतकऱ्याचे, रेंदेराचे, मासेमाराचे मूल अक्षरांबरोबर स्वरही वाचू लागे. संगीताचे स्वरलेखन वाचणारा एवढा मोठा सामान्यवर्ग त्या काळी भारतात अन्यत्र क्वचितच असेल. घरी परतल्यावर त्याच मुलाच्या कानावर मांडो आणि दुलपद पडे, त्यांना घुमटाची साथ असे. म्हणजे लोकसंगीत घरचे आणि लिहिलेले संगीत शाळेतले.

या शिक्षणाचा उपयोग करण्याजोगे काम गोव्यात थोडे होते. म्हणून सासष्टी, बार्देश, तिसवाडीतले वादक ब्रिटिश हिंदुस्थानात गेले. लष्करी आणि पोलीस बँडमध्ये, संस्थानिकांच्या पदरी, मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून वाजवणाऱ्या संचांत आणि पुढे मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांत त्यांनी जागा मिळवल्या. हॉटेलांत जॅझ आले तेव्हा ते वाजवायला हेच पुढे झाले. तबकड्या ऐकून आणि छापील स्वरलेखन मागवून त्यांनी ते आत्मसात केले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले आणि मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा संच वाजू लागला. ट्रम्पेट आणि आवाजाची ढब यांमुळे त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

याच सुमारास मुंबईचा हिंदी बोलपट मोठा होत होता. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी चिक चॉकलेटना जोडीला घेतले. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या पायांखाली जो ठेका वाजतो, त्यात नगर जिल्ह्यातल्या एका मराठी माणसाचा कान आणि हळदोण्याच्या ट्रम्पेटवादकाचा श्वास एकत्र आहे. शिवाय लॅटिन अमेरिकेतून तबकड्यांवरून आलेल्या तालांची फोडणी. चिक चॉकलेट आणि त्यांचा संच त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. त्या काळी एवढेही भाग्य थोड्यांच्या वाट्याला येई.

कारण बाकीचे पडद्याआड होते. चित्रपटगीत तयार होण्याची रीत अशी होती. संगीतकार पेटीवर चाल बांधी. गायक-गायिका ती ऐकून उचलत. पण तीस-चाळीस वादक एकाच वेळी काय वाजवणार, व्हायोलिनचा ताफा कोठे उठणार, बासरी कोठे उत्तर देणार, हे कागदावर लिहावे लागे. ते लिहिणारा 'अरेंजर' बहुधा गोमंतकीय असे. रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलांत संच चालवत. मुंबईत आल्यावर शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी सुमारे दोन दशके हे काम केले. गायक एक ओळ गात असताना मागे व्हायोलिनवर दुसरीच ओळ वाहत असते, ती मूळ चालीला छेद देत नाही, उलट तिला उचलून धरते. या जोड-ओळीत सेबॅस्टियन यांचा हातखंडा होता. श्रोत्याला गाणे आठवते तेव्हा कित्येकदा ही मागची ओळच आधी आठवते. श्रेयनामावलीत मात्र अरेंजर असलाच तर 'सहायक' म्हणून असे.

ही गाणी पोहोचली कोठवर? १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातला, तेव्हा श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. केसकर स्वतः मराठी आणि शास्त्रीय संगीताचे कैवारी. पण त्यांच्या निर्णयाने चित्रपटगीतांचा श्रोता काही कमी झाला नाही, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. रेडिओमुळे गोमंतकीय वादकांचे सूर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेले. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीभाषक पट्टा, २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झालेला, समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तेथल्यासारख्या गावांत वरातीचा बँड क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर चित्रपटगीते वाजवतो, तेव्हा गाण्याच्या दोन कडव्यांमधला तुकडाही सहीसही वाजवतो. तो तुकडा लिहिणारा कोण, हे ना वाजवणाऱ्याला ठाऊक ना नाचणाऱ्याला. 'अमर अकबर अँथनी'तले अँथनी गोन्साल्विसच्या नावाचे गाणे तर हमखास वाजते. ते नाव एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, ही गोष्ट तेथेच काय, गोव्यातही अनेकांना उशिराच कळली.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म माजोर्ड्याचा, १९२७ चा. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख, त्यामुळे पहिले धडे घरातच. १९४३ मध्ये किशोरवयात ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वादकवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते अरेंजर झाले, शिकवूही लागले. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या त्या गाण्याचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे आहे, त्यातले नाव ही गुरूला वाहिलेली दक्षिणा होती.

चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात गोन्साल्विस यांच्या शेजारी सारंगी, सतार, बासरी वाजवणारे हिंदुस्थानी परंपरेतले कलावंत बसत. दोन्हीकडे एकमेकांविषयी थोडी अढी असे. स्वरलेखन वाचणाऱ्याला वाटे, की न वाचता वाजवणारा अशिक्षित. रागदारी जाणणाऱ्याला वाटे, की कागद काढून घेतला तर समोरचा मुका. गोन्साल्विस मात्र रागसंगीताने भारले गेले. आपण ज्या देशात जन्मलो त्या देशाचे संगीत आपल्याला चर्चच्या शाळेने शिकवले नाही, ही उणीव त्यांनी स्वतःच्या हिंमतीवर भरून काढली आणि रागांवर आधारलेल्या वाद्यवृंद-रचना लिहायला घेतल्या.

येथे गोव्याचा दुसरा अर्धा भाग लक्षात घ्यावा लागतो. माजोर्ड्याच्या चर्चमध्ये सोल्फेजो चालू होते, त्याच काळात फोंडा आणि आसपासच्या देवळांत रागसंगीत नांदत होते. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगुबाई, लयीचे गणित बोटांवर खेळवणारे खाप्रुमामा पर्वतकर, मंगेशीचे दीनानाथ, ही सारी त्या मातीतली माणसे. देऊळ आणि चर्च यांत अंतर फार तर काही मैलांचे. तरी या दोन संगीतांची गाठ गोव्यात पडली नाही. धर्म वेगळा, भाषा एक पण लिपी वेगळी, शिकण्याची रीत वेगळी. एकीकडे गुरूच्या तोंडून ऐकायचे, दुसरीकडे कागदावर वाचायचे. विशेष म्हणजे देवळाकडचे कलावंतही पोटासाठी आणि मानासाठी मुंबईलाच गेले.

आणि तेथे गाठ पडली. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक बसले आणि रागांवर आधारलेल्या त्यांच्या रचना वाजल्या. एकल गायनासाठी होते मन्ना डे आणि लता मंगेशकर. लताबाईंचा जन्म इंदूरचा, पण त्यांच्या आडनावातच मंगेशी आहे. देवळाचा गोवा आणि चर्चचा गोवा त्या संध्याकाळी एका मंचावर होते, फक्त तो मंच गोव्यात नव्हता. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती, आणि मुक्तीला आणखी तीन वर्षे लागायची होती.

या प्रयत्नाची अवघड बाजू सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. पाश्चात्य वाद्यवृंदाचा प्राण स्वरमेळात आहे. तीन-चार स्वर एकदम वाजतात आणि त्यांच्या जुळणीतून एक रंग उमटतो. पुढची जुळणी आली की रंग बदलतो, आणि संगीत एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाते. राग तसा प्रवास करत नाही. त्याचा षड्ज हलत नाही. सारे स्वर त्या एका षड्जाकडे तोंड करून उभे असतात. तोडी घ्या. रिषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. या स्वरांतून नेहमीच्या रीतीने स्वरमेळ बांधला, की ऐकणाऱ्याचा कान भलत्याच स्वराला षड्ज मानू लागतो आणि तोडी तोडी राहत नाही. शिवाय गायक कोमल रिषभ किती खाली घेईल, त्यावर किती रेंगाळेल, हे कागदावर कसे लिहायचे? वीस व्हायोलिनवादकांनी एकाच मिंडीने खाली यायचे तर वीस जणांचे कान एका गुरूकडे घडलेले हवेत. अशा रचनेत संगीतकाराला थोड्याच वाटा मोकळ्या असतात. षड्ज-पंचमाचा धरून ठेवलेला सूर, एकाच सुरावटीचा पाठलाग करणाऱ्या दोन ओळी, किंवा साऱ्यांनी मिळून एकच ओळ. गोन्साल्विस यांनी सारंग आणि तोडीसारख्या रागांवर मोठ्या रचना लिहिण्याचे धाडस केले, ते या अडचणी ठाऊक असतानाच.

तो वाद्यवृंद टिकला नाही. शंभर वादकांची तालीम म्हणजे शंभर वादकांची त्या दिवशीची बुडालेली बिदागी. चित्रपटाच्या स्टुडिओत त्याच वेळी रोख पैसे मिळत होते. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेत सिराक्यूस विद्यापीठात गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीकडे वळले नाहीत. माजोर्ड्याच्या घरी राहू लागले. देशभर लोक त्यांच्या नावावर नाचत असताना ते गावात शांतपणे जगत होते. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि आयुष्याच्या अखेरीस काही मानसन्मानही झाले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यासाठी त्यांनी स्टुडिओतली चालती कमाई पणाला लावली, त्या रचना मैफलीत आजही क्वचितच ऐकू येतात.

जॅझच्या बाजूने रागाकडे येणारेही होते. नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांच्या सुरावटी जॅझमध्ये आणल्या आणि पियानोवादक लुई बँक्स यांच्यासह 'इंडो-जॅझ आन्साम्बल'मध्ये वाजवले. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक आमान्सियो डिसिल्वा लंडनला गेले. तेथे १९६९ मध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते 'हम दोनों'. जॅझला राग सोयीचा वाटतो, कारण दोहोंत उत्स्फूर्त विस्ताराला मान आहे. कागदाचा अडसर मध्ये येत नाही. म्हणूनच जॅझ आणि राग यांच्या जोड्या अनेक झाल्या, पण वाद्यवृंद आणि राग यांच्या जोड्या मोजक्याच राहिल्या.

मडगावचे ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांनी कोकणी गाण्याला जॅझ आणि लॅटिन तालांचा जो साज चढवला, त्याविषयी २०१४ च्या 'नाचुंया कुंपासार' या चित्रपटानंतर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते येथे पुन्हा सांगत नाही. एवढेच, की गोव्यात आणि मुंबईच्या गोमंतकीय वस्तीत हे गाणे धर्माची वेस ओलांडून गेले. ऑर्लिचे मिकाएल मार्टिन्स यांचे काम त्यामानाने अंधारात राहिले. त्यांनी गावोगाव फिरून लोकगीते टिपून ठेवली आणि त्यांच्या आधारे स्वतंत्र रचनाही केल्या. लोकगीत गोळा करणारा आणि लिहिलेले संगीत रचणारा एकच, असा हा गोव्यातला विरळा माणूस.

आता प्रश्न शाळेचा. पारोकियाल शाळांचे जाळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विरळ होत गेले. १९५२ मध्ये आंतोनियो दे फिगेरेदो यांनी पणजीत संगीत अकादमी सुरू केली होती. कांपालच्या कला अकादमीत आज भारतीय संगीताचे शिक्षण आहे आणि पाश्चात्य संगीताचेही, एकाच छताखाली. छत एक असले तरी अभ्यासक्रम दोन आहेत, आणि व्हायोलिन शिकणाऱ्याला तोडी अथवा तबला शिकणाऱ्याला सोल्फेजो अनिवार्य करावे, अशी मागणी कोणी जोराने केल्याचे दिसत नाही. ती करायला हरकत नाही. गोन्साल्विस यांना जे तिशीत स्वतःच्या धडपडीने मिळवावे लागले, ते दहा वर्षांच्या मुलाला शाळेत मिळू शकते.

काराकासचा प्रकाश गोव्यात थेट पोहोचल्याचे एक उदाहरण आहे. २००७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात व्हेनेझुएलाचा सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंद वाजला, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटो वस्तीतील मुलांचा बुस्काइड हा तंतुवाद्यांचा संचही. तेव्हा इंग्लंडमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करणारे डॉ. लुईस डायस यांच्या मनात त्याच वर्षी गोव्याचा विचार घोळू लागला. गोव्यात परतून त्यांनी २००९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' स्थापन केले. परिस्थितीमुळे ज्यांना व्हायोलिन हाती धरणे शक्य नाही, अशा मुलांना ही संस्था वाद्य देते आणि शिकवते. सरकारी पाठबळावरच्या एल सिस्तेमाच्या तुलनेत हे काम लहान आहे, देणग्यांवर चालते. पण तत्त्व तेच, समूहात शिकणे. एकेकाळी मेस्त्रे हेच करी, त्याच्याकडे प्रत्येक गावात एक चर्च होते एवढाच फरक.

आणि घुमट? मातीच्या मडक्याचे हे वाद्य दोन्ही बाजूंनी उघडे असते. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, आणि लहान तोंड तळहाताने झाकत-उघडत नाद घडवायचा. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाल्यापासून शेळीचे कातडे वापरले जाऊ लागले. नादात फरक पडला, असे जुने वादक म्हणतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. शामेळ आणि कासाळ्याच्या साथीने ते चवथीच्या आरतीत वाजते, आणि त्या आरत्या बहुतांशी मराठी असतात. व्हायोलिनच्या साथीने तेच घुमट मांडोत वाजते. देऊळ आणि चर्च यांच्यात जे वाद्य आधीपासून समाईक होते, ते हेच. दरवर्षी घुमट आरतीच्या स्पर्धा होतात आणि मांडो महोत्सवही होतो. आरतीत घुमट वाजवणारा मुलगा आणि मांडोत वाजवणारा मुलगा कित्येकदा एकाच शाळेत शिकत असतात.